आजीच्या खांद्यावरचा हात

४ ऑक्टोबर

डोकं गेलं. मान गेली. पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर कमरेपर्यंत गेला. पण हात जाईना, मामा. आजीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं उरली आहेत, बिनमालकाची. आत्ताही ती माझ्यासमोर स्क्रीनवर आहेत. आजी आता मागे वळून ‘कोण गं?’ विचारेल असं सारखं वाटतंय.

फोनच करणार होते. पण तू फोनवर ‘बरं, बरं’ म्हणतोस तेव्हा तुला काही ऐकू आलेलं नसतं. म्हणून पत्र.

आजीला ऐंशी पूर्ण होतील त्या दिवशी तुमच्या बाहेरच्या खोलीत लावायला आईला एक मोठा फोटो करून द्यायचाय. तुझ्या स्टुडिओच्या मागच्या अंगणातला, सगळे आहेत तो. आजी-आजोबा खुर्च्यांवर, मागे आई, बाबा आणि धाकटी मावशी, पुढे स्टुलावर मी, सहा वर्षांची, एक मोजा खाली आलेला. आईचं म्हणणं, मावशी तेवढी नको. ‘आजीच्या डोळ्यांसमोर रोज ती कशाला?’ मी जास्त विचारलं नाही. आजोबा गेल्यानंतर मावशी घरी आली होती तेव्हा दारात काय झालं ते मी जिन्यावरून पाहिलंय. त्याला बारा वर्षं झाली.

मी छापखान्यात नक्की काय करते, असं तू मागे विचारलं होतंस. दिवसभर जाहिरातींच्या फोटोंतल्या किटल्यांच्या मागची भिंत काढते. म्हणजे काढत नाही, झाकते. एका फोटोखाली दुसरा फोटो ठेवायचा. हे दोन लेअर. वरच्याला एक मास्क लावायचा. मास्क म्हणजे त्या फोटोइतकाच काळापांढरा कागद समज. कागदावर जिथे पांढरं, तिथे वरचा फोटो दिसतो. जिथे काळं, तिथे तो झाकला जातो आणि खालचा दिसतो. राखाडी असेल तिथे दोन्ही अर्धेअर्धे. खोडलं काहीच जात नाही. उद्या मन बदललं तर काळ्यावर पांढरा ब्रश फिरवायचा, माणूस परत येतं.

मावशीचं डोकं झाकलं, तिथे मी भिंतीचाच तुकडा खाली ठेवला. पण बोटं झाकली तर खाली काय ठेवू? तिथला आजीचा खांदा कुठल्याच फोटोत नाही. तो मी मनाने रंगवला तर तो आजीचा खांदा नसेल. त्या दिवशीच्या आणखी निगेटिव्ह तुझ्याकडे आहेत का?

तुझी
भिंगरी

९ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा कळलं नाही म्हणून आणि एकदा कळलं म्हणून.

निगेटिव्ह आहेत. त्या दिवशी चार काढल्या. बटरपेपरात घालून, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवतोय. स्कॅन करताना कडेला धर, मध्ये बोट लावू नकोस. कॅमेरा चारही वेळा स्टँडवरच होता, हलवलेला नाही. तेव्हा एकावर एक ठेवल्यास बसाव्यात. तुझ्या आईकडे आहे तो फोटो पहिल्या निगेटिव्हचा. तो ताईने निवडला, कारण त्यात ताई चांगली आलीय. तुझ्या आजीचे डोळे त्यात अर्धे मिटलेत, याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी तर चारांपैकी एकातही नाही. मला कुणी झाकलेलं नाही, फोटोवाल्याची जागाच ती.

आता माझी शंका. काळं म्हणजे नाही, पांढरं म्हणजे आहे, हे माझ्या पचनी पडत नाही. निगेटिव्हवर जिथे उजेड, तिथे काळं. चेहऱ्यावरची सुरकुती घालवायची तर निगेटिव्हवर तिथे टोकदार शिसपेन्सिलीने काळं भरायचं. जितकं काळं भराल तितका छापल्यावर चेहरा उजळ. स्टुडिओ बंद करेपर्यंत मी हेच केलं. नवरी काळी आली अशी तक्रार आली की मी तिला आणखी काळी करायचो, की ती गोरी व्हायची. तुमचा हा मास्क उलट्या बाजूने चालतोय.

दुसरी शंका. झाकलेलं माणूस जर जात नाही, तर ते असतं कुठे? फाइलमध्ये त्याचं वजन राहतं का?

शेजारच्या मास्तरांनी माझ्या कॉम्प्युटरवर तुझं ते सॉफ्टवेअर घालून दिलंय. मला शिकव. दुपारी दुसरा उद्योग नाही.

आजीला विचारलंस का, ती नको का म्हणून? मी विचारलेलं नाही. आपल्या घरात न विचारण्याची पद्धत आहे, तुला माहीत आहे.

मामा

१५ ऑक्टोबर

मामा,

निगेटिव्ह पोचल्या. मध्ये बोट लावलं नाही. साहेबांच्या डोळ्यादेखत जेवणाच्या सुट्टीत स्कॅन केल्या.

पहिली आपली माहितीची. दुसरीत मावशीच्या बोटांवर आजीने स्वतःचा हात ठेवलाय. म्हणजे दुसरी वापरायची तर मावशीला झाकताना आजीचाही हात झाकावा लागेल. तिसरीत मावशी वाकून आजीच्या कानात काहीतरी सांगतेय आणि आजी हललीय. तिचं तोंड म्हणजे नुसता पुसट गोळा आहे. हसत असावी.

चौथीत मावशी नाही.

तिची जागा मोकळी आहे. मागची भिंत दिसते, भिंतीवरचा नळ दिसतो, आणि आजीचा खांदा पूर्ण दिसतो. मला हवा होता तो खांदा. चौथी खाली ठेवली, पहिली वर ठेवली, मास्कवर मावशीपुरतं काळं केलं, आणि बोटं गेली. इतकं नीट बसलं की मी दोनदा झाकून-उघडून बघितलं. आईचं काम झालं म्हणायचं.

पण चौथीकडे बघत बसले. मामा, चारांत ती सगळ्यात चांगली आहे. आजीचे डोळे उघडे आहेत आणि ती सरळ बघतेय. आजोबासुद्धा सरळ बघतायत, आजोबा, जे फोटो काढताना छताकडे बघायचे. आणि आई दात दाखवून हसतेय. मी आईला अशी कधी बघितलेली नाही. ती कुणाकडे बघून हसतेय? आणि मावशी मध्येच गेली कुठे?

तुझ्या शंकेबद्दल: हो, वजन राहतं. झाकलेल्या माणसाची फाइल झाकल्यावरही तेवढीच जड असते. उलट थोडी वाढते, मास्कचं वजन वर चढतं. माझे साहेब यावरूनच कुरकुर करतात.

पेनड्राइव्हवर पहिली आणि चौथी पाठवतेय. तू करून बघ. चौथी खाली, पहिली वर. वरच्या लेअरला मास्क लाव. मग नीट वाच: यादीत फोटोच्या छोट्या चौकोनाशेजारी मास्कचा पांढरा चौकोन येईल. ब्रश उचलण्याआधी त्या पांढऱ्या चौकोनावर क्लिक कर. नाहीतर तू मास्कवर नाही, सरळ फोटोवरच काळं फासशील. इथे नवीन आलेला प्रत्येकजण एकदा तरी फासतो. ब्रश कडेला मऊ ठेव, म्हणजे कडा कात्रीने कापल्यासारखी दिसणार नाही. काळं: झाकतं. पांढरं: दाखवतं. मावशी झाकायची आहे. तुझं झालं की मला पाठव, आपण दोघांचं ताडून बघू.

भिंगरी

२४ ऑक्टोबर

भिंगरे,

पहिल्याच फटक्यात तुझ्या आईच्या तोंडाला काळं फासलं. पांढऱ्या चौकोनावर क्लिक करायचं राहिलं. खूप वर्षांची इच्छा असावी. एक पाऊल मागे घेतलं आणि ताई परत आली, होती तशीच.

मग नीट सुरू केलं. तीन दुपारी गेल्या. तुझी चिठ्ठी समोर ठेवली होती. काळं झाकतं, पांढरं दाखवतं, हे पाठही केलं होतं. पण ब्रश हातात आला की पाठ केलेलं राहत नाही, हातातलं येतं. ज्यांना दाखवायचं त्यांच्यावर काळं भरत गेलो. आई, बाबा, ताई, तुझे वडील, तू, तुझा मोजा. अगदी कानाच्या पाळीपर्यंत सावकाश, पेन्सिलीने भरायचो तसं. धाकटीला तेवढी कोरी सोडली. दोन्ही फोटो इतके सारखे बसले होते की भरताना काय बदलतंय ते मला जवळून दिसत नव्हतं. संपल्यावर खुर्ची मागे घेतली.

धाकटी जागेवर होती. बाकीचे बदलले होते. सगळे चौथीतले झाले होते.

मी उलटं केलंय हे कळायला मला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्यात तुझी आजी जेवायला बोलवायला आली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला नको ते सगळं दिसतं. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. स्क्रीनकडे वाकून बघितलं. मग म्हणाली, “हा तिने काढला होता.”

तू विचारलंस त्याचं उत्तर हेच. चौथा मी काढलेला नाही. उजेड परतवायला मी पांढरा बोर्ड लावला होता, तो वाऱ्याने पडायला लागला. मी तो धरायला कडेला गेलो. धाकटी म्हणाली, “दादा, तू धर, मी दाबते.” आणि कॅमेऱ्यामागे गेली. मी विसरलो होतो. आई विसरली नव्हती.

मी म्हटलं, “हो, तिनेच काढला.”

“मग ती यात कशी?”

मी मास्क समजावून सांगायला लागलो. वरचा, खालचा, काळं, पांढरं. अर्ध्यातच म्हणाली, “ते राहू दे. म्हणजे ती तिकडे कॅमेऱ्यामागेही आहे, आणि इथे माझ्या मागेही आहे. असंच ना?”

“असंच.”

“एका वेळी दोन ठिकाणी.” मग म्हणाली, “तुझे वडील गेले तेव्हा जमलं असतं तिला हे, तर बरं झालं असतं.”

तुला त्या वेळचं अर्धंच माहीत असेल म्हणून लिहितो. धाकटी तेव्हा डोंगरावरच्या हवामान केंद्रावर नोकरीला होती. रस्ता बंद. निरोप उशिरा पोचला, ती त्याहून उशिरा पोचली. तोवर सगळं उरकलं होतं. ताईने दारातच विचारलं, ‘आता काय बघायला आलीस?’ धाकटीने पिशवी खाली ठेवली होती, ती उचलली. बस. दोघींपैकी कुणी खोटं बोललं नाही, म्हणून मध्ये पडायला मला जागाच सापडली नाही.

मी आईला म्हटलं, “ताई म्हणते, तुला तिचा फोटो समोर नको.”

“ताई म्हणते?” आई म्हणाली. मग, “चल, गार होतंय.”

फाइल पेनड्राइव्हवर परत पाठवतोय. चुकली आहे. कुठे चुकलो ते मला कळलंय, पण सरळ करायला हात धजत नाही. तू बघ.

मामा

३० ऑक्टोबर

मामा,

फाइल उघडली आणि आधी वाटलं, तू मुद्दाम केलंस. तुझ्यावर रागावून दोन वाक्यं लिहिलीसुद्धा, ती फाडली. मग मास्क वेगळा उघडून बघितला. नुसता मास्क, काळापांढरा. त्यात आमच्या सगळ्यांच्या आकृत्या काळ्या भरलेल्या आहेत, एकही टोक न सोडता, आणि मावशीच्या आकाराची पांढरी खिडकी आहे. आमच्याकडचं कुणी इतकं सावकाश काम करत नाही. मुद्दाम उलटं करणारा माणूस माझा मोजा इतका नीट भरणार नाही. ही तुझी निगेटिव्हच आहे, मामा. तू आम्हाला उजळ करत होतास.

एक जागा मात्र राखाडी आहे. आजीच्या खांद्यावर, मावशीच्या बोटांच्या कडेला. तिथे तुझा ब्रश मऊ पडलाय आणि दोन्ही फोटो अर्धेअर्धे आहेत. मोठं करून बघितलं. बोटं कुठे संपतात आणि खांदा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

आता तुला सांगते ते ऐकून हसशील. हा मास्क सरळ करायला तीन दुपारी लागत नाहीत. एकदा कळ दाबायची. काळं पांढरं होतं, पांढरं काळं होतं, मावशी जाते. मी कळीवर बोट ठेवलं होतं. दाबलं नाही.

आई रोज विचारते, झाला का फोटो. मी सांगते, होतोय. माझी मोकळ्या खांद्याची प्रत तयार आहे, ती दिली की प्रश्न मिटतो. मावशी नाही, बोटं नाहीत, आई चांगली आलीय, आजीचे डोळे अर्धे मिटलेत. कुणाची तक्रार येणार नाही. तुझी दाखवली तर काय होईल मला माहीत नाही. आई त्यानंतर आठवडाभर माझ्याशी फक्त भांड्यांतून बोलेल एवढं नक्की.

एक सांग. चौथीत सगळे कशाला हसतायत? मावशी कॅमेऱ्यामागे काय करत होती?

भिंगरी

५ नोव्हेंबर

भिंगरे,

ते मला माहीत नाही. मी बोर्ड धरून दुसरीकडे तोंड करून उभा होतो, वाऱ्याकडे पाठ देऊन. हसण्याचा आवाज ऐकला. तेव्हा मला ऐकू येत होतं. वळून बघितलं तोवर झालं होतं. नंतर लेन्सचं झाकण सापडेना म्हणून मी अंगणभर शोधत बसलो, ते आठवतं.

आजीला विचारलं. म्हणाली, “मला पुसट आठवतं. ताईला विचारा. सगळ्यात जास्त तीच हसली होती.”

तेव्हा ताईला विचार. फोटो कुठला हवा ते विचारू नकोस. हे विचार. दोन्ही प्रती समोर ठेव आणि कशाचीही वकिली करू नकोस, तुला ती चांगली जमते म्हणून सांगतोय.

कळ दाबायची की नाही ते मी तुला सांगणार नाही. पण आजीने काल स्वतः विचारलं, “तो चुकलेला फोटो कधी येतोय?”

मामा

१२ नोव्हेंबर

मामा,

सांगितलंस तसंच केलं. छापखान्यातून दोन्ही प्रती जाड कागदावर काढून आणल्या. संध्याकाळी आई भाजी निवडत होती. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

आधी तिने माझी बघितली. “छान. कळतसुद्धा नाही,” म्हणाली. मग तुझी.

हातातली भाजी खाली ठेवली. मला वाटलं आता उठेल. उठली नाही.

“हे कुणी केलं?”

“मामाने. चुकून.”

“तुझ्या मामाच्या चुका बऱ्या असतात. मी यात कशी दिसतेय, दात काढून. हा फोटो कुठला?”

“चौथा. मावशीने काढलेला.”

मी वकिली केली नाही, शप्पथ. फक्त विचारलं, “आई, तू हसतेयस कशाला?”

फोटो जवळ ओढला. मग म्हणाली, “झाकण.”

“कसलं झाकण?”

“लेन्सचं. तिने ते डोळ्यात बसवलं होतं, चष्म्याच्या एका काचेसारखं. भुवईने धरून. आणि आजोबांचा आवाज काढून म्हणाली, ‘सगळ्यांनी छताकडे बघा.’” आई आजोबांच्या आवाजात बोलली. मामा, हुबेहूब. मला आईला तो आवाज येतो हे माहीत नव्हतं. “आजोबांनीच आधी सुरुवात केली हसायला. मग कोण थांबतंय. आणि तुझा मामा वेड्यासारखा ते झाकण शोधत होता. तिच्या स्वेटरच्या बाहीत होतं. मला दाखवलं आणि म्हणाली, ताई, सांगू नकोस हं.”

“मग सांगितलंस का?”

“नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “आजतागायत नाही. सांग त्याला आता.”

तर सांगितलं. झाकण बाहीत होतं.

मी विचारलं, “आजी कधी म्हणाली होती का, मावशी नको म्हणून?”

“म्हणायला कशाला लागतं?” ती म्हणाली. मग भाजी परत पुढे ओढली. दोन-तीन पानं निवडली आणि म्हणाली, “नाही. म्हणाली नव्हती. मला वाटलं.” आणखी थोडी पानं. “ती दारात काही बोलली असती ना, एक शब्द जरी, तर मी बाजूला झाले असते. ती नुसती बघत होती. असंच,” आणि फोटोतल्या मावशीकडे बोट केलं. मी वाकून बघितलं. पहिल्या फोटोतली मावशी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, आईकडे बघतेय. इतके दिवस मी तिच्या कडा काढत होते, आणि ती कुठे बघतेय ते मला दिसलं नव्हतं.

जेवणानंतर आईने भांडी जरा मोठ्याने घासली, पण माझ्यावर नाही.

हे काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळचं एवढंच. मी उठले तेव्हा टेबलावर एकच प्रत होती, माझी, मोकळ्या खांद्याची. तिच्यावर आईने चहाचा कप ठेवला होता. तुझी प्रत दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून तिने पाकीट केलं होतं, आणि वर तिच्या अक्षरात मावशीचं नाव होतं. पत्ता त्या डोंगरावरच्या केंद्राचा नव्हता, मी कधी न ऐकलेल्या गावाचा होता. मी विचारलं, हे कुठलं. “गेल्या वर्षी बदली झाली तिची,” आई म्हणाली. “आजीसाठी एक मोठी काढ, तशीच.” नऊ वाजता कामावर जाताना मी पाकीट पोस्टात टाकलं.

भिंगरी